शेवटच्या खणातलं मशीन

मी मशीनं दुरुस्त करतो, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. केबल सैल असते, पंख्यात कापूस अडकलेला असतो, आणि लोक नारळ फोडून मोकळे होतात. त्यामुळे धरणगावच्या दलिचंदशेठचा फोन आला तेव्हा देवपूरहून निघतानाच मी वैतागलो होतो.

त्यांच्या कापसाच्या बंद जिनिंगच्या गोडाऊनमध्ये मुलाने, अनुजने, बिटकॉइन मायनिंगची मशीनं बसवली होती. अनुज उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून रॅकच्या शेवटच्या खणातलं मशीन दिवस मावळताना आपोआप बंद पडायचं आणि थोड्या वेळाने आपोआपच सुरू व्हायचं. अनुजची आई, लाडकुंवरकाकी, नेमक्या त्या वेळी तिथे जाऊन बसायच्या. घर जैनांचं, दिवस मावळल्यावर अन्न वर्ज्य. रोजचं संध्याकाळचं जेवण असं बुडत होतं आणि बाई वाळून काडी झाल्या होत्या.

"बिघाड शोधा आणि तिला डोळ्यांनी दाखवा," शेठ म्हणाले. "नाहीतर मुलामागे तीही जाईल."

मी नेटवर्कची केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, पॉवर सप्लाय नवा लावला. संध्याकाळी मशीन बंद. मग शेजारचं ठणठणीत मशीन त्या खणात ठेवलं आणि तिथलं शेजारी. दुसऱ्या दिवशी ठणठणीत मशीन बंद पडलं, आणि आजारी म्हणवलेलं मजेत चालत राहिलं. माझं डोकंच फिरलं.

"मशीन खराब नही शे, भाऊ," जिनिंगचा जुना राखणदार झुलाल म्हणाला. "अनुजभाऊ तठेच गया."

मग त्याने सगळं सांगितलं. दिवा लागला की किडे येतात, किड्यांमागे पाल येते. त्या दिवशी पाल ह्याच खणातल्या मशीनच्या पंख्याच्या तोंडाशी होती. मशीन थांबवलं की पुन्हा वेग धरायला वेळ लागतो आणि शेठ ओरडतात, म्हणून अनुजने चालू मशीनमधून तिला काढायला हात घातला. अर्थिंग नीट नव्हतं. पाल वाचली.

पुढच्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन स्वतःच रॅकसमोर बसलो. काकी येऊन शेजारी बसल्या. पंख्यांच्या गोंगाटातून एक आवाज हळूहळू उतरत गेला आणि थांबला. मी टॉर्च मारली. पंख्यात काहीच नव्हतं. त्यानंतर भिंतीवरून पाल खाली आली, थांबलेल्या पात्यांमधून सावकाश पलीकडे गेली. ती पुन्हा भिंतीवर पोचली आणि पंखे फिरू लागले. मशीन आधी थांबलं होतं, पाल नंतर आली होती.

"त्या दिवशी सकाळी मीच त्याला बोलले होते," काकी म्हणाल्या. "तुझ्या पंख्यांत जीव मरतात, त्याचं पाप तुझ्या माथी, म्हणून. माझंच ऐकून गेला तो."

मला जे येत होतं तेच बोललो. "काकी, पुढे जाळी लावली तर पाल आत शिरणार नाही. मग मशीन बंद पडायचं कारण नाही."

बोलून गेलो आणि जीभ चावली. बंद पडलं नाही, तर ह्या माउलीने कशासाठी यायचं?

काकी उठल्या आणि त्या खणासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लाव जाळी," त्या म्हणाल्या. "माझ्या एका शब्दापायी अजून रोज त्याला मशीनमध्ये हात घालावा लागतो."

दुसऱ्या दिवशी मी जाळी बसवली. संध्याकाळी शेठही आले. पाल जाळीपर्यंत आली, अडली, मागे फिरली. मशीन चालतच राहिलं. बाहेर अंधार पडला, तरी चालतच राहिलं.

"आज आला नाही," काकी म्हणाल्या. "उद्यापासून मी घरीच जेवेन."

आणि मग त्या मोठ्याने रडल्या. अनुज गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या, असं शेठ मला नंतर म्हणाले.