भांग पाडलेला फोटो

"हा नको," ती म्हणाली. "ह्यात तोंड उघडं आहे त्यांचं."

मी पुढचा फोटो समोर ठेवला. त्यात तिचा नवरा पुलाखाली कुशीवर पडलेला, उशाशी रिकामी बाटली.

"हा तर नकोच."

पुलाखाली राहणाऱ्या ह्या कुटुंबाचे मी दोन वर्षांत चारशे फोटो काढले. त्यांतल्या बारा फोटोंचं प्रदर्शन भरलं, माझं नाव झालं. आता नवरा दारूपायी गेला होता आणि बाई स्टुडिओत येऊन एकच गोष्ट मागत होती: पोरीला मोठेपणी दाखवता येईल असा बापाचा एक फोटो. चारशेत एक सापडेना. सापडणार कसा? तो शुद्धीवर दिसला की मी कॅमेरा खाली ठेवायचो.

"दादा, तो नाही का, भांग पाडून बसले होते तो?"

त्या दिवशी तो प्यायला नव्हता. नळावर दाढी केली, केस ओले करून भांग पाडला आणि म्हणाला, "आज भांग फक्त डोक्यावर, साहेब. काढा एक." रोलमध्ये शेवटचे दोनच फोटो शिल्लक होते. असला नीटनेटका माणूस घेऊन मी काय करणार? मी नुसता फ्लॅश उडवला. "काढला का?" "काढला की." लग्नांचे फोटो काढताना आगाऊ पाहुण्यांना मी असंच कटवायचो. तेव्हा लाज वाटली नाही, ती आता वाटत होती.

'तो रोल खराब झाला' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ह्या बाईशी आणखी किती खोटं बोलायचं?

"ताई, तो मी काढलाच नव्हता. नुसता फ्लॅश मारला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती टेबलावरचे फोटो सारखे करू लागली.

"हात थरथरायचे ना त्यांचे," ती म्हणाली. "फोटो हलायला नको म्हणून मांड्यांखाली दाबून बसले होते. तुम्ही गेलात तरी सोडेनात. मलाच विचारत होते, झाला का गं नक्की?"

मग तिने कुशीवरचा फोटो पुन्हा पुढे ओढला आणि बाटलीवर अंगठा ठेवून पाहिला.

"झोपलेत, असं सांगीन पोरीला," ती म्हणाली. "बाटली तेवढी कापून देता येईल का?"