आम्हा आठांचे पाच मेगाहर्ट्झ

अहो, इकडे! टेबलावरच्या त्या कात्रणावर बसलाय ना, तो मी बोलतोय. बोटाच्या पेराएवढा, लालसर, डोक्यावर कंगव्यासारखे दात असलेला. मी अस्सल तांब्याचा हीटसिंक आहे. नुसतं तांब्याचा म्हणालो असतो तरी चाललं असतं, पण अस्सल म्हटल्याशिवाय मला राहवत नाही.

ज्याच्या पाठीवर बसायचं त्याची उष्णता ओढून घ्यायची आणि हवेत सोडून द्यायची, हे माझं काम. कारखान्यात एका लांब पट्टीतून आम्हाला कापलं, दात पाडले आणि आम्हा आठ भावांना एका डबीत बसवलं. डबीवर लिहिलं होतं, ‘मेमरी थंड, कार्ड सुसाट!’ मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ते आमच्याबद्दलच, अशी माझी तेव्हाच खात्री झाली.

डबी गेली ठकूच्या हातात. ठकू हे आईने ठेवलेलं लाडाचं नाव. मुलगी पंचविशीची झाली तरी आईच्या तोंडातून ते सुटत नाही. ठकूला कॉम्प्युटरच्या एका मासिकात पहिलावहिला लेख मिळाला होता. संपादकांनी सांगितलं होतं, “हा जमला तर दर महिन्याला एक पान तुझं.” त्या पानासाठी ती दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती.

लेखाचा विषय आम्हीच. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं असेल, ज्याला हे लोक ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, तर तिच्यावर हीटसिंक लावून काही फायदा होतो, की ती नुसती शोभा?

शोभा म्हणे! असा राग आला मला.

आधी तिने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून आमच्याशिवाय मेमरी पळवून पाहिली. मेगाहर्ट्झ हे वेगाचं माप, एवढं कळलं तरी पुरे. ९२५ मेगाहर्ट्झच्या पुढे गेलं की पडद्यावर रंगीत ठिपके उठायचे, म्हणजे मेमरीने हात टेकले. मग तिने मेमरीच्या आठही चिपा पुसून लख्ख केल्या आणि चिकटपट्टीवर आम्हाला एकेक करून दाबून बसवलं. पुन्हा चाचणी लावली. ९५०, ९८०, हजार! एक हजार दहावर अर्धा तास झाला तरी पडद्यावर एक ठिपका नाही.

“आई, एक हजार दहा!” ठकू ओरडली.

आई शेजारच्या खोलीत कपडे शिवते. मशीन थांबवून ती दारात आली. “बरं झालं बाई. केवढी घामाघूम झाली होतीस! म्हणून तर मघाशी पंखा आणून ठेवला. राहू दे तो तसाच.”

पंख्याकडे कोण बघतंय! पंच्याऐंशी मेगाहर्ट्झ वाढले होते आणि ते आम्ही वाढवले होते. ठकूनेही तसंच लिहिलं. मथळा दिला ‘तांब्याची कमाल’. लेख गेला. त्या दिवशी माझ्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. कार्डाच्या मुख्य चिपेवर बसलेल्या शेजारच्या कूलरला तर मी भावच दिला नाही, एवढा मोठा असून ॲल्युमिनियमचा तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेखासोबत पडद्याचा फोटो हवा म्हणून ठकूने तीच चाचणी पुन्हा लावली. तेवढ्यात आई आली. “ठकू, पंखा नेते गं. इस्त्री करून करून जीव गेला माझा.”

“ने की.”

दहा मिनिटांत माझे दात पोळायला लागले. मी उष्णता ओढत होतो हो, अगदी जीव तोडून ओढत होतो! पण टाकू कुठे? आजूबाजूची हवा जागची हलत नव्हती. पडद्यावर ठिपके. ठकूने तडक जाऊन पंखा परत आणला. ठिपके गायब. बंद केला, पुन्हा ठिपके; वेग ९३० वर आणला तेव्हा कुठे थांबले. ती खुर्चीवर मटकन बसली.

“अरे देवा,” ती म्हणाली. “हे तर पंख्याने केलंय.”

मग तिने जे केलं ते मी शत्रूवरही येऊ देणार नाही. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडून आम्हाला एकेकाला मऊ केलं आणि हळूच पिळून उपटलं. मग उघड्या चिपांवर पंखा लावून चाचणी घेतली. आकडा आला एक हजार पाच. आम्ही असताना एक हजार दहा! पंखा नसताना आमच्यासकट ९३०, आमच्याशिवाय ९२५. कसंही मोजा, आमची कमाई पाच. बाकी आयत्या पिठावर रेघोट्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी माझी गत झाली. लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू?

मला वाटलं, पोरगी आता गप्प बसेल. कोण मोजायला येणार होतं? पण तिने फोन उचलला.

“सर, माझं चुकलंय. कमाल हीटसिंकची नाही, आईच्या पंख्याची आहे.”

“अगं, पान लागलंय! मथळा एवढा मोठा दिलाय.”

“मग दुसरं काहीही छापा, सर. माझं पान गेलं तरी चालेल. लोक माझ्या शब्दावर या डब्या आणतील हो.”

आई हातात इस्त्री घेऊन दारात उभी.

“सहापर्यंत नवीन लेख पाठव,” संपादक म्हणाले. “आणि चूक कशी झाली तेही लिही. पंख्यासकट.”

अंक आला तेव्हा आईने लेख दोनदा वाचला. “मला कशाला आणलंस त्यात?” म्हणाली, पण शेजारणीला दाखवायला अंक घेऊन गेलीच. संध्याकाळी संपादकांचा फोन आला, “पुढच्या महिन्यात काय तपासतेस?” ठकू फोन ठेवून आईच्या गळ्यातच पडली.

माझे सात भाऊ डबीत परत गेले. मला मात्र तिने लेखाच्या या कात्रणावर ठेवलं, उडू नये म्हणून. कारण तो पंखा आता याच टेबलावर असतो. दिवसभर माझ्या अंगावर वारा सोडतो आणि मी जागचा हलत नाही. माझ्याखाली लेखाचा शेवट आहे, वाचा: ‘हीटसिंकचे पाच मेगाहर्ट्झ खरे आहेत. तेवढ्यासाठी घ्यायचे का, तुमचं तुम्ही ठरवा. आधी पंखा लावून बघा.’

पाचाचे आठ वाटे केले तर माझ्या वाट्याला अर्ध्याहून थोडा जास्त येतो. हसा खुशाल! पंच्याऐंशी मिळाले तेव्हा मी नुसता फुगलो होतो. हा अर्धा मात्र तिने चार वेळा मोजून माझ्या पदरात घातलाय. तुम्हीही कुणाची कमाई मोजायला बसलात, तर एवढं कराल का? एकदा पंखा बंद करून मोजा.