ट्रे कोणी फिरवला?

माझ्या सासऱ्यांची परीक्षा घ्यायची ही कल्पना माझ्या नणंदेची. आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या सगळं माझ्या माथी यायचं.

झालं असं, की दोन महिन्यांत बाबांच्या हातून तीन गोष्टी घडल्या. दूध गॅसवर ठेवून ते खाली गप्पा मारायला गेले आणि भांड्याचा कोळसा झाला. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. आणि एकदा ब्रेड आणायला म्हणून गेले ते दोन तासांनी हात हलवत परत आले. "कशाला गेलो होतो तेच आठवेना," म्हणाले आणि हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

नणंद, म्हणजे आमच्या ताई, दुसऱ्या गावी नर्स आहेत आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फोनवर म्हणाल्या, "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. बाबा एकटे, त्यात गॅस. त्यांना रोजचं एक काम द्या, ठरलेल्या वेळेचं. आठवण करून द्यायची नाही. पंधरा दिवस बघा. जमलं तर उत्तम, नाही तर मी येऊन त्यांना इकडे घेऊन जाते."

बाबांना तिकडे जायचं नव्हतं. चाळीस वर्षं या गावाच्या पाणीपुरवठ्यात त्यांनी वॉल्व्ह फिरवले. पहाटे पाचला वरची वस्ती, सहाला खालची. अख्खं गाव यांच्या मनगटाच्या जोरावर दात घासायचं. "तिकडे मला ओळखतं कोण? नळसुद्धा नाही," असं ते म्हणायचे.

काम मात्र मी सुचवलं, तेवढं कबूल. मी दरवर्षी घरातच टोमॅटो-मिरचीची रोपं करते आणि मग गच्चीवर लावते. हल्ली लोक त्यासाठी खास दिवे आणतात म्हणे. आमच्या घरात दिवे लावायला माणसं काय कमी आहेत? मला खिडकी पुरते. पण दिवसभर ऊन येणारी खिडकी एकच, आणि ती बाबांच्या खोलीत. खिडकीतली रोपं उजेडाकडे झुकतात, म्हणून ट्रे रोज अर्धा फिरवावा लागतो. नाही फिरवला तर ती एकाच बाजूला वाकतात, लांबच लांब होतात आणि शेवटी आडवी पडतात.

"बाबा, सकाळी आंघोळ झाली की ट्रे अर्धा फिरवायचा. इकडची बाजू तिकडे. एकदाच."

"एवढंच? अगं, मी गाव फिरवलंय."

रोपांना नुकती दोन-दोन पानं आली होती. मी ट्रेच्या एका बाजूला, खाली कोणाला दिसणार नाही असा लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि ती बाजू खोलीकडे करून ठेवली. उगाच खोटं कशाला बोलू, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

मी बेकरीत कामाला आहे. सकाळी सहाला, बाबा झोपेत असताना निघते आणि पाचला परत येते. पहिल्या दिवशी आले, तर ठिपका खिडकीकडे. म्हटलं, वा बाबा! दुसऱ्या दिवशी तो खोलीकडे यायला हवा होता. बघते तर खिडकीकडेच. तिसऱ्या दिवशीही खिडकीकडे. चौथ्या दिवशीही.

"बाबा, ट्रे?" मी न राहवून विचारलं.

"फिरवला की," बाबा अगदी ठामपणे म्हणाले.

विसरणं वेगळं, न केलेलं काम केलं म्हणून छातीठोक सांगणं वेगळं. हे ताईंना कळलं असतं तर त्यांनी पंधरा दिवससुद्धा वाट पाहिली नसती. मी त्यांना फोनवर सांगत राहिले, "चाललंय छान." आमच्या ह्यांना ठिपक्याचं बोलले नाही, नुसतं म्हटलं, "मला लक्षण काही ठीक दिसत नाही हो." ते म्हणाले, "बघू, दिवस तर भरू देत," आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. हे बस चालवतात. संध्याकाळी साडेसहाला घरी येतात आणि आल्या आल्या आधी बाबांच्या खोलीत डोकावतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दहा दिवसांत सगळी रोपं काचेकडे वाकली, शेजारचं भांडण ऐकायला कान लावून बसल्यासारखी. बाबांचंही बोलणं कमी झालं. जेवताना मध्येच थांबायचे. मला वाटलं, आजार वाढतोय.

तेराव्या दिवशी, शुक्रवारी, घड्या केलेले कपडे ठेवायला मी सातच्या सुमाराला त्यांच्या खोलीत गेले. बाबा खाली गेले होते. खाटेखाली बॅग दिसली. उघडली, तर आत चार शर्ट, चष्म्याचं जादा घर आणि सासूबाईंचा फोटो. ताई रविवारी येणार होत्या आणि बाबांनी शुक्रवारीच सामान बांधलं होतं. फोटो हातात घेऊन मी तिथेच बसले. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला धड कुकर लावता येत नव्हता आणि "करपलेलंच मला आवडतं" म्हणून हा माणूस महिनाभर जेवला होता.

डोळे पुसून वर पाहिलं, तर समोर ट्रे. आणि रोपं कपाटाकडे वाकलेली.

कपाटात कसला आलाय उजेड? पाच वाजता हीच रोपं काचेकडे वाकलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. ठिपका बघितला, तर तोही खोलीकडे. बाबा तर साडेपाचलाच खाली उतरलेले.

मी स्वयंपाकघरात गेले. "अहो, ट्रे तुम्ही फिरवलात?"

"कोणी? मी? कुठला ट्रे?" चोराच्या मनात चांदणं! यांच्या हातातला कांदा घरंगळत फ्रिजखाली गेला.

"खरं सांगा."

"अगं, घरी येऊन बघतो तर रोपं वाकलेली. म्हटलं बाबा विसरले. ताईला काय कळतंय, म्हणून रोज फिरवून ठेवतो."

"रोज? कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून."

"पहिल्या दिवशी कुठे वाकली होती?"

"पहिल्या दिवशी नुसतीच भीती वाटली म्हणून," ते म्हणाले.

मी एक ताटली घेतली, तिच्या कडेवर लिंबाची फोड ठेवली. "ही बाजू बघा. सकाळी बाबा फिरवतात, ही खिडकीकडे. संध्याकाळी तुम्ही फिरवता, ही खोलीकडे. दुसऱ्या सकाळी बाबा पुन्हा फिरवतात. भर उन्हात रोज हीच बाजू खिडकीला! बाबा एक दिवस जरी चुकले असते तर पाच वाजता ठिपका मला उलटा दिसला असता. तेरा दिवसांत एकदाही दिसला नाही."

ह्यांनी ताटली स्वतः फिरवून पाहिली. "म्हणजे बाबा..."

"एकदाही चुकले नाहीत!" मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. दूध काय, माझ्याकडूनही आठवड्याला एकदा उतू जातं.

बाबा वर आल्यावर आम्ही दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. ते हसतील असं वाटलं होतं. ते कपाटाशी गेले आणि दार उघडलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. त्यावर पेन्सिलीने तेरा खुणा, प्रत्येकीपुढे वेळ.

"फिरवला की लगेच खूण करायचो," ते म्हणाले. "पण रोपं वाकलेलीच. दोनदा माती बदलली, उजेड मागूनही पडावा म्हणून पांढरा पुठ्ठा लावून पाहिला. मग वाटायला लागलं, मी फिरवत नसेन. नुसत्या खुणाच करत असेन. पोरीने न्यायच्या आधी आपणच तयार असलेलं बरं."

"नाही हो बाबा. तुम्ही फिरवत होता."

"रोज?"

"रोज."

ते खाटेवर बसले. मग जे कडाडले! "गाढवा, माझ्या कामात हात घालायला तुला सांगितलं कोणी? आणि तू, सूनबाई! ठिपके मारून माझ्यावर पाळत ठेवतेस? दोघांनी मिळून त्या कोवळ्या जिवांची वाट लावलीत!" मी हळूच म्हटलं, टोमॅटोचं काही बिघडत नाही, लागवडीच्या वेळी गळ्यापर्यंत मातीत पुरला की दांड्यालाच मुळं फुटतात. "आणि मिरची?" ते ओरडले. मिरचीला तसं पुरून चालत नाही. आम्ही दोघं खाली मान घालून ऐकत होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं की ते थांबूच नयेत असं वाटलं.

थांबले, ते फोन करायला. "रविवारी ये, चार दिवस राहा," त्यांनी ताईंना सांगितलं. "मी कुठे येत नाही. का ते तुझा भाऊ सांगेल, त्यालाच विचार."

फोन ठेवून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलायला लागले. हे पुढे झाले आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

"सुटलो रे," बाबा म्हणाले. "तेरा दिवस मला माझीच भीती वाटत होती."