मुकादमाचं ओलं पोट

मुकादम दुपारी कोरडा जायचा आणि संध्याकाळी ओला यायचा. हे ध्यानात आल्यापासून थोरलीची झोप उडाली होती.

मुकादम म्हणजे तिचा बोका. वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ती शाळेचे गणवेश शिवायची आणि हा कापडाच्या गठ्ठ्यावर बसून देखरेख करायचा, म्हणून हे नाव. खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ. बोका घरात आला त्या दिवशी धाकटीला शिंकांची माळ लागली आणि हे जनावर खाली दिसलं तर माझ्याशी गाठ आहे, असं तिनं चारचौघांत जाहीर केलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. निरोप जायचे ते धाकटीच्या नवऱ्यामार्फत. तो बिचारा दोन्हीकडचं तिखट काढून सांगायचा. त्यामुळे झालं काय, की समोरची काहीतरी लपवतेय असं दोघींनाही वाटू लागलं.

त्यात हा उन्हाळा. पत्रा असा तापायचा की इस्त्री न फिरवताच कॉलर ताठ व्हावी. मुकादम दुपार झाली की जिन्यावरून पसार, आणि परत यायचा तो पंजे, पोट आणि कान ओले घेऊन. पाठ मात्र कोरडी. थोरलीनं शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं त्याला उलटासुलटा करून पाहिला. कुणी अंगावर बादली मारली असती तर आधी पाठ भिजली असती. म्हणजे ही बया त्याला धरून बुडवते.

पुरावेही मिळत गेले. धाकटीच्या दोरीवर रोज एक ओला पंचा, त्याला राखाडी केस. धाकटीच्या मनगटावर ओरखडा. थोरलीनं दिराला आडून विचारलं तर तो हसायलाच लागला. "वहिनी, बुडवायचंच असेल तर वाळवायला वर कशाला पाठवेल?" बायकोचीच बाजू घेणार, थोरली मनात म्हणाली.

गणवेश पोचवायचा दिवस आला. तिनं खिडकी लावली, पत्र्यालगतच्या झरोक्याची झडप लावली, वाडगाभर पाणी ठेवलं, पंखा सुरू केला आणि बाहेरून कुलूप घातलं. आता बघू कोण हात लावतं.

शाळेत मापं, बटणं, तक्रारी यांत बराच वेळ गेला. परतताना कोपऱ्यावरचा दुकानदार पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला दिसला. वीज कधी गेली, तिनं विचारलं. तुम्ही गेलात आणि पाठोपाठ तीही गेली, तो म्हणाला.

थोरली या वयातही पळाली.

वर दाराचा कोयंडा उखडून लोंबकळत होता. जिन्यात धाकटी बसली होती. शेजारी टब, मांडीवर ओला पंचा, पंच्यात मुकादम. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय, कुत्र्यासारखी धाप लागलेली. थोरलीला पहिल्यांदा एवढंच सुचलं की चोर सापडला. तिनं बोका हिसकावून छातीशी घट्ट धरला.

"पाण्यात काय घातलंयस?"

धाकटीचे डोळे सुजले होते, नाक वाहत होतं. तिनं टबातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि केसांसकट पिऊन टाकलं.

"आता सोडा त्याला, ताई," ती म्हणाली. "मांजर असं तोंडानं धापा टाकतं ना, तेव्हा त्याच्या जिवावर बेतलेलं असतं. तुमच्या अंगाची ऊबसुद्धा त्याला नको आहे. मला काय बोलायचं ते मग बोला."

थोरलीच्या हातांना मुकादमाचं अंग तव्यासारखं लागत होतं. तिनं त्याला पंच्यावर ठेवला. बर्फ आणू का, एवढंच विचारलं. बर्फ नको, साधंच पाणी, धाकटी म्हणाली. मग एकीनं पंजे आणि कान भिजवले, दुसरीनं पोट, मधूनमधून पुठ्ठ्यानं वारा घातला आणि मिळेल त्या गाडीनं जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. आधीच थंड करून आणलात म्हणून वाचला, डॉक्टर म्हणाले. सलाईन लावता लावता त्यांनी विचारलं, कुठे कोंडला होता?

थोरलीनं कुलपाची किल्ली मुठीत लपवली.

"वीज गेली हो अचानक," धाकटी म्हणाली, आणि शिंकली.

परतीच्या वाटेवर मुकादमाचा श्वास सरळ चालू लागला, तेव्हा कुठे थोरलीनं विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

"सगळ्यांसमोर बोलून बसले होते. मग कोणत्या तोंडानं सांगू, की तोच रोज मोरीत येऊन पडतो? पुसून काढला की त्याला बरं वाटतं, आणि केस उडत नाहीत म्हणून मलाही. आणि तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही नुसत्या बघता."

दुसऱ्या दिवशी निरोप आला नाही, धाकटी स्वतःच वर आली. उन्हाळाभर मशीन खाली आणा म्हणाली, खालची फरशी गार आहे. थोरलीनं मशीन खाली आणवलं खरं, पण ही एकदम एवढी गोड का झाली, हे काही तिला उमगेना. पहिली शिलाई घालता घालता तिनं सवयीनं खोली न्याहाळली. मुकादम मान वर न करता थेट पलंगाखाली गेला होता. तिथे एक जुनी लोकरी टोपी होती, बोक्याच्या अंगाच्या मापाचा खळगा पडलेली, केसांनी मढलेली.

लोकरीची. म्हणजे थंडीतली.

"हा नक्की कधीपासून येतो गं खाली?" थोरलीनं मशीन थांबवून विचारलं.

"कोण?" धाकटी म्हणाली आणि लगबगीनं आत निघून गेली.