तीन टनी

पुलाच्या तोंडाशी सोपानरावांनी गाडी थांबवली. लाकडी पुलाला पाच टनांची पाटी होती. गाडी म्हणजे देहूरोडच्या लष्करी लिलावातला ट्रक, तीन टनी. मागे शालनच्या लग्नाचं अख्खं वऱ्हाड दाटीवाटीनं कोंबलेलं. नदीपलीकडे मांडवात लेक हळदीच्या अंगानं वाट बघत होती.

"का थांबलात, इवाई?" शेजारी बसलेल्या आबाजींनी, नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं.

"पूल पेलायचा न्हाई. दोन खेपा करतो. न्हाईतर मंडळींनी एवढा पूल पायी ओलांडावा."

"का म्हणून? गाडी तीन टनी, पूल पाच टनांचा. दोन टन उरत्यात की!"

"तीन टनी म्हंजी तीन टन माल भरायची. गाडीचं सोताचं वजन आणिक तीन टन हाय."

"सुपारी फुटली तवा तर नुसतं तीन टनी, तीन टनी करत मिरवत हुता. तवा न्हाई सांगितलं ते?"

सोपानराव मिरवले होते हे खरंच. गाडी घेतल्यापासून गडी त्या दोन शब्दांवरच छाती फुगवून हिंडत होता.

"निम्मं वऱ्हाड रस्त्यावर उभं ऱ्हायचं न्हाई, आन् पायीबी यायचं न्हाई," आबाजी म्हणाले. "गाडी न्या, न्हाईतर आमी माघारी."

सोपानरावांनी गाडी पुढे घेतली. पुढची चाकं पुलाच्या फळ्यांवर चढली आणि लाकूड करकरलं. मागे बायका गाणी म्हणत होत्या. कुणाचं तरी लेकरू खदखदून हसलं. सोपानरावांनी गाडी मागे घेतली, इंजिन बंद केलं.

"उतरा," ते म्हणाले.

मंडळी उतरली. सोपानरावांनी डोक्याचा पटका आबाजींच्या पायांवर ठेवला, पण आबाजींनी नवरदेव पोराचं मनगट धरलं आणि पाठ फिरवली. पुलावर चार पावलं चालायला ज्यांची अब्रू जात होती, ती माणसं भर उन्हात, धुरळा तुडवत पायीच माघारी आपल्या गावाकडे निघाली.

सोपानराव रिकामी गाडी घेऊन पुलावर चढले. या खेपेला लाकूड साधं कुरकुरलंसुद्धा नाही. भरल्या गाडीनं पूल मोडला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. शालनला तर नाहीच नाही.

गाडी दिसताच वाजंत्र्यांनी ताशावर काठी टाकली. गाडीच्या फळ्यांआड कुणी नाही, हे तिकडून दिसत नव्हतं. मंजुळाबाई आरतीचं ताट घेऊन रस्त्याच्या कडेला आल्या, आणि बायकोला समोर बघून सोपानरावांचा पाय ब्रेकवर जाईना.