बोगद्यातली किंकाळी

रविवारी सकाळी बोगद्याच्या तोंडाशी साठ-सत्तर गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या. घरट्यातली पिल्लं चोच वासून बसतात ना, तशा. आकडा मी सांगतोय म्हणजे निम्माच धरा. गावात मला फेकाडे आजोबा म्हणतात ते उगीच नाही. पुढचं मात्र काही निम्मं धरू नका.

गाडीबाबा रांगेतून यायचे. अंगात पांढरी कफनी, पायात महागडे बूट, हातात लांब चोचीची तेलाची झारी. प्रत्येक इंजिनाच्या पट्ट्यावर तेलाची बारीक धार धरायची आणि डोळे मिटून पुटपुटायचं, हा अभिषेक. आदल्या दिवशी चौघांनी ढकलत आणलेली एखादी गाडी रात्रभर त्यांच्या शेडमध्ये पडद्याआड 'ध्यानाला' ठेवलेली असायची. तिच्या मालकाला बाबा म्हणायचे, "फिरव किल्ली." गाडी एका झटक्यात सुरू. लोक हात जोडायचे, मालकाच्या डोळ्यांत पाणी.

"यंत्रालाही जीव असतो, बाळांनो," बाबा सांगायचे. "या बोगद्यात काळोख राहतो. त्याला दिवा सोसत नाही. दिवा लावलात की तो किंचाळतो आणि गाडीचा प्राण ओढून घेतो. म्हणून आत दिवा नाही, पंखा नाही, गाणी नाहीत, आणि अंधार पडल्यावर गाडीच काढायची नाही. मनात भाव धरा आणि सरळ जा."

"आणि समोरून ट्रक आला तर?" मी एकदा विचारलं.

"ट्रकवाल्याच्याही मनात भाव असेल, आजोबा."

लोक हसले, मला.

किंकाळी खरी होती, ती मीही ऐकली होती. बोगद्यात दिवे लावले की बॉनेटखालून अशी चिरकी आरोळी उठायची की दातांना झिणझिण्या याव्यात. पूर्वी वर्षाकाठी एखादी गाडी तिथे बंद पडायची. बाबा आल्यापासून आठवड्याला चार पडायला लागल्या. याचा गावाने असा अर्थ लावला की पाप वाढलंय, बाबा आहेत म्हणून निभावतंय. गॅरेजवाला बाबांचंच तेल विकायचा, तेव्हा त्याला दुसरा अर्थ सुचण्याचं कारण नव्हतं.

माझी मुलगी आरोग्य केंद्रात नर्स आहे. ड्रायव्हर नसला की केंद्राची गाडी तीच चालवते. तिचे डॉक्टरसाहेब, ज्यांच्या पदव्यांनी अख्खी भिंत अडवली आहे, त्यांनी स्वतः ती गाडी अभिषेकाला पाठवली होती. म्हणाले, "नुकसान तर काही नाही ना."

नुकसान एका मंगळवारी दुपारी झालं. बेकरीवाल्याची बायको अडली होती आणि मोठं हॉस्पिटल बोगद्यापलीकडे. मुलीने तिला मागे झोपवलं, सोबत तिच्या सासूला बसवलं आणि निघाली. बोगद्यात समोरचं काही दिसेना, म्हणून तिने दिवे लावले. किंकाळी उठली. थोडं पुढे जातात न जातात तोच दिवे पिवळे पडले आणि इंजिन आचके देत थांबलं. मागून येणारा ट्रक वीतभर अंतरावर उभा राहिला. ट्रकमधल्या माणसांनी गाडी ढकलत बाहेर काढेपर्यंत आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत तासभर गेला. बाई वाचली. बाळ वाचलं नाही.

मला थापच मारायची असती, तर मी ते बाळ वाचवलं असतं.

सासूने घरोघरी सांगितलं, "नर्सने दिवा लावला." बाबांनी निकाल दिला: रविवारी सगळ्यांसमोर पोरीने पाप कबूल करावं, नाहीतर केंद्र सोडावं. डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली. गाडी शुद्धीसाठी बाबांच्या शेडमध्ये गेली.

शनिवारी दुपारी मुलगी आईच्या शिलाई मशीनजवळ जमिनीवर बसली होती. चार दिवस धड जेवली नव्हती.

"दिवा लावला हे खरंच आहे ना, आई," ती म्हणाली. "कबूल करते. सुटतील तरी सगळे."

माझी बायको चाळीस वर्षं कपडे शिवते. तिने पाय थांबवला. "ती किंकाळी कशी होती? करून दाखव."

मुलीने दाखवली.

बायकोने मशीनची तेलाची कुपी उचलली आणि खालच्या मोठ्या चाकावरून वर जाणाऱ्या चामडी पट्ट्यावर दोन थेंब सोडले. मी म्हटलं, हिचं डोकं फिरलं. त्या पट्ट्याला कोणाचं बोट लागलं तरी ही आठवडाभर बोलते. तिने सुईखाली पातळ कापड घातलं. मशीन चाललं. मग चार पदरी जाड कापड घातलं. खालचं चाक गरगर फिरत राहिलं, पट्टा चिरकला, सुई जागच्या जागी.

"गाडीत पट्टा असतो का गं?"

"असतो," मुलगी हळूहळू म्हणाली. "इंजिन पट्टा फिरवतं, पट्टा अल्टरनेटर फिरवतो. गाडीची वीज त्यातून होते. बॅटरी त्यानेच भरत राहते. ती संपली की इंजिन बंद."

"आणि दिवे लावले की?"

"जास्त वीज लागते. अल्टरनेटर जड होतो."

"म्हणजे जाड कापड. आणि त्या पट्ट्यावर तुम्ही लोक दर रविवारी तेल ओतता." तिने चिंधी घेऊन आपला पट्टा पुसायला घेतला. "शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्या दिवशी याच्यावरूनच झापते."

मी चप्पल शोधायला लागलो. गावभर सांगायचं होतं.

"अहो, तुम्ही उद्या तोंड उघडायचं नाही," बायको म्हणाली. "तुम्ही सांगितलंत की खरंही खोटं वाटेल."

रविवारी सगळं गाव होतं. बेकरीवाला पुढेच उभा होता, खाली मान घालून.

"कबूल कर, बाळ," बाबा म्हणाले.

"करेल," माझी बायको म्हणाली. "आधी तिला गाडी सुरू करू द्या."

शेडमधून आणलेली गाडी एका झटक्यात सुरू झाली. लोकांनी हात जोडले. बायकोने मुलीला सांगितलं, "दिवे लाव. पंखा लाव. वायपर लाव."

भर उन्हात, उघड्यावर, किंकाळी उठली. गर्दी मागे सरकली.

"काळोख उन्हात आला वाटतं, महाराज," बायको म्हणाली.

"हिच्या पापाने ओढून आणलाय," बाबा म्हणाले, आणि गर्दीतून "काढा हिला केंद्रातून" असे दोन-तीन आवाज आले.

बायकोने गाडी बंद करवली. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या फडक्याने पट्टा पुसपुस पुसला. फडकं काळं झालं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग कापडावर खुणा करायचा खडू त्यावर घासला. अशाने पट्टा नवा होत नाही, पण तेवढ्यापुरता पकड धरतो. गाडी पुन्हा सुरू. दिवे, पंखा, वायपर, सगळं चालू. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझला. किंकाळी नाही.

बाबांनी फडक्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "पाहिलंत? माझं तेज त्या फडक्यात उतरलं."

आणि चार जणांनी फडक्याला हात जोडले. मी जीभ चावून गप्प राहिलो.

बायकोने बाबांच्या हातून झारी घेतली आणि सरळ त्यांच्या स्वतःच्या लांबलचक गाडीकडे चालू लागली. "तुमच्या गाडीला कधी अभिषेक झालेला दिसला नाही. आज माझ्या हातून होऊ दे."

बॉनेट बेकरीवाल्याने उघडलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"अगं ए बाई, पट्ट्यावर नको!" बाबा धावले. "मला आत्ता लांब जायचंय."

बायकोने झारीची चोच पट्ट्यावर तशीच धरून ठेवली.

"पट्ट्यावर का नको?" बेकरीवाल्याने विचारलं.

बाबा झारी ओढायला लागले. त्याने तेच पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. तोवर कोणीतरी शेडचा पडदा ओढला होता. आत बॅटरी चार्ज करायची सहा यंत्रं ओळीने मांडलेली, त्यांच्या लाल-काळ्या वायरी गाड्यांना लावलेल्या. गाड्यांचं ध्यान ते.

तेवढ्या गडबडीत बाबा आपल्या गाडीत बसून बोगद्यात शिरले. दिवे लावून. सगळ्या गावाने पाहिलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मला आधीपासूनच शंका होती." मी साठ वर्षं थापा मारतोय, इतकी सफाई मला कधी जमली नाही.

बेकरीवाला मुलीजवळ आला. "दिवा लावलास ते बरोबर होतं?"

"हो, दादा. समोरचं दिसत नव्हतं."

 तो माझ्या बायकोच्या हातातलं फडकं घेऊन आपल्या पावाच्या गाडीकडे गेला आणि पट्टा पुसायला लागला. त्या गाडीवर दर रविवारी त्याने स्वतः बॉनेट उघडून तेल ओतवून घेतलं होतं.

बाबा आता दुसऱ्या कुठल्यातरी रस्त्याच्या तोंडाशी असतील. कदाचित तुमच्याकडे. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही ठेवू नका, मी फेकाडे आजोबा. बॉनेट उघडा, पट्ट्याला बोट लावून बघा, आणि जो माणूस तुम्हाला दिवा विझवायला सांगतो, त्याला "का" म्हणून विचारा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा.