मैनेला दिलेला शेक

चार महिने मी फळीवर गिटार शिकले. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या मुर्री गावातले सगळे हसून झालेत. माझ्या मुलीनं, आचलनं, एका लांबट फळीला सहा सुतळ्या ताणून बांधल्या, पेनानं आडव्या रेघा मारल्या आणि फोनवरचे व्हिडिओ बघून बोटं कुठे ठेवायची ते मला दाखवलं. आवाज शून्य. तरी अंगणवाडीतून आल्यावर भात शिजेपर्यंत मी रोज ती फळी मांडीवर घेऊन बसायची.

मी अंगणवाडी सेविका. मागे गोंदियाला आमचं प्रशिक्षण झालं, तिथे एका पोरीनं गिटार वाजवत बालगीतं शिकवली. मी धीर करून तिची गिटार मागून घेतली. ती एवढी मोठी, की उजवा हात वरून टाकला तर काखेत रुतली, आणि डाव्या हाताची बोटं वरच्या तारेपर्यंत पोचेनात. माझे हातच लहान, बांगड्यासुद्धा शाळकरी मुलींच्या मापाच्या लागतात. मी तोंड पाडून ती परत केली, तर पोरगी म्हणाली, "दीदी, थोड़ा रुको. छोटी वाली आ रही है, मैना. सस्ती भी है."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात मैनेशिवाय विषय नाही. गिटार अजून बाजारात आली नव्हती, पण फोनवर तिची चर्चा जोरात होती. अंगानं लहान, मान बारीक, किंमत माझ्यासारखीला झेपेल अशी. तिची यायची तारीख दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा मी कंपनीचा असा उद्धार केला, की आचलनं कानांवर हात ठेवले.

मला घाई होती ती संक्रांतीनंतरच्या शनिवारची. त्या संध्याकाळी आमच्या भजन मंडळाचा वार्षिक कार्यक्रम असतो. माझे सासरे, सुखराम मामाजी, मंडळाचे प्रमुख, खंजिरी वाजवतात. पुढच्या सतरंजीवर वाद्यवाले बसतात, बायका मागे बसून टाळ्या वाजवतात. असा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकाही बाईच्या हाती वाद्य आलं नाही, म्हणून एकही बाई पुढे गेली नाही. मला त्या सतरंजीवर बसायचं होतं. अगदी मनापासून बसायचं होतं.

मामाजींना विचारलं तेव्हा त्यांनी तंबाखू चोळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "वाजली त पुढं बस. नाही वाजली त टाळ्या हायेतच."

इथे खंजिरीचं एक सांगायला हवं. थंडीत तिचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी तिला विस्तवावर धरून शेकावं लागतं. आमच्या मंडळात वाजवणारा आपलं वाद्य आपण शेकत नाही. घरचं माणूस शेकतं आणि दोन्ही हातांनी त्याच्या हातात देतं. सासूबाई गेल्या, तेव्हापासून गेली अकरा वर्षं मामाजींची खंजिरी मीच शेकते. किती जवळ धरायची, कधी उलटायची, हे मला तव्यावरच्या पोळीइतकं पाठ आहे.

मैना आली ती नेमकी त्याच शनिवारी, दुपारी बाराला. डिलिव्हरीवाला विक्की खोका सांभाळत फाटकाशी उभा राहिला. "आंटीजी, किसकी गिटार है?"

"माझी."

"आपकी?"

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

खोका उघडला तर नव्या कोऱ्या बाकाचा वास आला. रंग गुळाचा. उचलली तर इतकी हलकी, की खाली ठेवून पुन्हा उचलून पाहिली. मांडीवर घेतली. उजवा हात आपोआप वरून आला, कुठे रुतलं नाही. डाव्या हाताची बोटं थेट वरच्या तारेपर्यंत गेली. माझे डोळे भरून आले, यात लाजण्यासारखं काही नाही. चार महिने फळीवर जे केलं ते आता वाजणार होतं. मी तार छेडली.

ढब्.

दुसरी छेडली, तीही ढब्. सहाच्या सहा तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या. वरच्या टोकाला पिळायच्या खुंट्या होत्या, पण माझ्या फळीला कुठे खुंट्या होत्या? जास्त पिळली आणि तार तुटली तर? ज्या फोनवर सूर जुळवायचा तो आचलजवळ, आणि आचल गोंदियाला कॉम्प्युटर क्लासला, पाच वाजेपर्यंत.

मामाजी दारातून बघत होते. "काऊन वो, काय झालं?"

"आवाजच पडला, मामाजी," मी म्हटलं. गिटार खाटेवर ठेवली आणि प्रसादाचा शिरा करायला मंदिरात निघून गेले. रवा भाजताना दोनदा डोळे पुसले. बाकीच्या बायकांना धूर लागला म्हणून सांगितलं.

साडेचारला परत आले तर खाट रिकामी. घरामागून भाताच्या तणसाच्या धुराचा वास आला. जाऊन बघते तर मामाजी विस्तवापुढे उकिडवे बसलेले, आणि माझी मैना त्यांच्या हातात, पोट विस्तवाकडे करून. हळूहळू फिरवत होते.

"मामाजी! हे काय करून राहिले?"

"शेकून राहिलो. आवाज पडला म्हनली होती नं तू."

"अजी, हे कातडं नोहे! लाकूड व्हय, लाकूड! जळली असती त कोठून आनली असती मी दुसरी?"

आणखीही बरंच बोलले. ते इथे सांगण्यासारखं नाही. मामाजींनी गिटार माझ्या हाती दिली. तारांच्या खाली रुपयाएवढ्या जागेत पॉलिश फुगून काळपट झालं होतं. तोंडात आलेलं पुढचं वाक्य मी तसंच गिळलं, कारण तेवढ्यात मला त्यांचा डावा तळहात दिसला. लाल झाला होता. विस्तव आणि गिटार यांच्यामध्ये त्यांनी तो सारा वेळ धरून ठेवला होता.

"हाताले किती लागते, थे पाहून पाहूनच धरलो," ते एवढंच म्हणाले.

पाचच्या पुढे आचल आली. मैना पोचल्याचा मेसेज तिच्या फोनवर आला होता, म्हणून येताना ती मंडळातल्या पेटीवाल्या चुन्नीलालजींकडून पेटीचा सूर फोनमध्ये भरून घेऊन आली होती. तारा बघून तिनं कपाळावर हात मारला. "मम्मी, प्रवासात तुटू नये म्हणून तारा ढिल्या करूनच पाठवतात!" तिनं खुंट्या पिळल्या, फोनला कान लावला, आणखी थोड्या पिळल्या. मग मी बोटं ठेवून सहाही तारांवरून अंगठा फिरवला.

काय सांगू! अख्खं अंगण गोड झालं. शेजारची वासरी मान वर करून बघायला लागली.

"आला नं?" मामाजी खूश होऊन म्हणाले. "शेकल्यावर येतेच."

आचलनं तोंड उघडलं. मी तिला असा चिमटा काढला, की तिनं ते लगेच मिटलं.

संध्याकाळी सातला मंदिरात गर्दी झाली. गडबडीत गिटार मामाजींनीच उचलून आणली होती. मी सवयीनं मागे बायकांत जाऊन बसले. पुढे चुन्नीलालजींचा आवाज चढला, "सुखरामभाऊ, हे कायले आनलं भजनात?"

मामाजींनी गिटार उचलली. ते सतरंजीवरून उठले, बायकांमधून वाट काढत माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि गिटार दोन्ही हातांनी पुढे धरली.

"घे, बाई. शेकून आनलो."

असं देण्याचा अर्थ तिथल्या लहान पोरांनाही कळत होता. मी उठले, दोन्ही हातांनी गिटार घेतली. पुढे गेले तेव्हा चुन्नीलालजींनी पेटी हातभर सरकवून मला जागा केली होती.

मामाजींनी खंजिरीवर थाप मारली. ढब्! आणि मला एकदम आठवलं, दिवसभराच्या धांदलीत त्यांची खंजिरी शेकायची राहूनच गेली होती. मी गिटार आचलकडे दिली, खंजिरी घेऊन मंदिरामागच्या शेकोटीकडे पळाले. शेकून आणली, दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी ती लाल तळहातावर जपून घेतली.

मग भजन सुरू झालं. मला दोनच सूर येत होते. दुसरा तीनदा चुकला, पण मी सतरंजीवरून हलले नाही.

त्या काळ्या डागावर आचल फुलाचं स्टिकर लावणार होती. मी लावू दिलं नाही.